बेळगावातून एका दिवसात: किल्ला, बस्ती, म्युझियम, आणि सोबत आजी-पोरं

आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या महिन्यात बदली होऊन एक कुटुंब आलंय, नवराबायको, दोन मुलं आणि मुलांची आजी. त्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ताई, रविवारी मुलांना घेऊन कुठं जाऊ सांगा, गोवा आणि आंबोली सोडून. मी म्हटलं वर या, चहा घेऊया, हे जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढतेय, कारण जन्म बेळगावात गेलेल्या कितीतरी लोकांनी कमल बस्ती, म्हणजे किल्ल्यातलं जैन देऊळ, आतून बघितलेली नसते, कित्तूर फक्त हायवेवरच्या पाटीवर वाचलेलं असतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात घरात बसूनच करायची. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा यादी केली होती, बेळगावचा किल्ला, कित्तूर, सौंदत्ती, नविलुतीर्थ धरण, परत येताना गोकाक, सगळं एका दिवसात. काय झालं असेल ते तुम्हीच बघा. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुसऱ्या ठिकाणीच संपले आणि पुढं त्या गाडीतच बसून राहिल्या, धाकट्याला उलट्या झाल्या, वाटेत एका म्युझियमच्या दारात पोचलो तर सोमवार, कुलूप. रात्री घरी आल्यावर थोरलीला विचारलं तर कुठला दगड किल्ल्यातला आणि कुठला देवळातला तेसुद्धा तिला सांगता येईना, सगळ्याचा काला झालेला. बघितलं सगळं, खरं मनात काहीच उतरलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एकच पद्धत आहे. एका दिवसाला एक माणूस धरायचा. जागांची यादी करायची नाही, एखादं माणूस निवडायचं आणि त्याच्या मागं मागं जायचं, ते जिथं जन्मलं, राहिलं, लढलं, गेलं, तिथं तिथं. दोन ठिकाणं, फार तर तीन. मुलांना सनावळी लक्षात राहत नाही, खरं माणूस लक्षात राहतं, आणि माणूस लक्षात राहिलं की सन आपोआप चिकटतो. आपल्या भागात अशी माणसं भरपूर आहेत, कित्तूरची राणी चन्नम्मा, तिचा माणूस संगोळ्ळी रायण्णा, कदंब घराण्यातला राजा शिवचित्त आणि त्याची राणी कमलादेवी, गावातल्या गावात बघायचं तर स्वामी विवेकानंद आणि गांधीजी. आदल्या रात्री जेवताना त्या माणसाची गोष्ट सांगून टाका, अर्धीच सांगा, उरलेली तिथं जाऊन सांगायची.

पहिला प्रयोग गावातच करा

एकदम पन्नास किलोमीटर लांब जायच्या आधी एक अर्धा दिवस बेळगावातच काढा. कोण किती चालतं, कोणाला किती वेळानं भूक लागते, आजी किती पायऱ्या चढतात, हे सगळं अर्ध्या दिवसात कळतं.

सकाळी लवकर किल्ल्यात जा. सेंट्रल बसस्टँडपासून किल्ला जवळच आहे, खंदक दिसतो, दारापाशी दुर्गेचं देऊळ आहे. आत गेलात की कमल बस्ती. ही बस्ती १२०४ मध्ये बांधलेली, त्यावेळी इथं रट्ट घराण्याचं राज्य होतं, राजा चौथा कार्तवीर्य, आणि बांधणारा त्याचा मंत्री बिचिराजा. काळ्या दगडाची आहे, आत नेमिनाथांची मूर्ती. बाहेरून बघून परत फिरू नका, आत जाऊन मंडपाच्या बरोबर मधोमध उभं राहा आणि मान वर करा. छतातून उलटं कमळ खाली आलंय, पाकळ्यांवर पाकळ्या, सगळं दगडात. मान दुखते म्हणून आमच्या धाकट्यानं सरळ फरशीवर पाठ टेकली आणि वर बघत पडून राहिला, पुजारीकाका हसले आणि म्हणाले राहू दे, असंच बघायचं असतं ते. तेव्हापासून पाव्हणे आले की तो त्यांना तसंच आडवं पडायला लावतो. इतकं बारीक काम आहे की पाकळीच्या कडासुद्धा वेगळ्या कळतात, आणि आठशे वर्षं झाली त्याला.

बस्तीत जाताना एक लक्षात ठेवा, चप्पल-बूट बाहेर, चामड्याचा पट्टा किंवा पर्स असेल तर विचारून घ्या. आणि किल्ल्याच्या परिसरात मिलिटरीचा भाग आहे, तिकडं मोबाईल काढून फोटो मारत बसू नका.

तिथून विवेकानंद. स्वामीजी १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात आले होते, म्हणजे शिकागोच्या भाषणाच्या सुमारे ११ महिने आधी, तेव्हा त्यांना जग ओळखत नव्हतं. आधी ते भाटे वकिलांच्या घरी राहिले, मग फॉरेस्ट ऑफिसर हरिपद मित्रांकडं. भाट्यांचं घर रिसालदार गल्लीत आहे, आता तिथं रामकृष्ण मिशननं स्मारक केलंय. गल्ली अरुंद आहे, गाडी लांबच लावा आणि चालत जा. मुलांना सांगा की इथं एका मराठी घरात एक अनोळखी संन्यासी येऊन राहिला होता आणि घरच्यांना माहीतसुद्धा नव्हतं की पुढच्या वर्षी सगळं जग याचं नाव घेणार आहे. घर बघताना मुलांचे डोळे बदलतात.

वेळ उरला तर टिळकवाडीत काँग्रेस विहीर. १९२४ च्या डिसेंबरमध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि आख्ख्या आयुष्यात गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते या एकाच वेळी, आपल्या बेळगावात. त्या सगळ्या गर्दीला पाणी लागणार म्हणून खणलेली ही विहीर. शेजारी वीर सौध आहे, तिथं त्यावेळचे फोटो लावलेत. आमच्या आत्ती इथं बाकावर बसून मुलांना सांगत होत्या की त्यांच्या आजेसासऱ्यांनी त्या मांडवात पाणी वाटलंय. मला हे लग्न होऊन पंधरा वर्षांनी तिथं त्या बाकावर कळलं. म्हणून म्हणते, म्हाताऱ्या माणसांना सोबत न्याच, त्यांच्यासाठी चालणं कमी करा, ठिकाणं कमी करा, खरं न्या.

वार, वेळ, महिना

सरकारी म्युझियम सहसा सोमवारी बंद असतात, सरकारी सुट्टीलासुद्धा भरवसा नसतो, आणि सकाळी १० च्या आत फार उघडत नाहीत. म्हणजे क्रम असा ठेवा, सकाळी उघड्यावरचं बघायचं, किल्ला, देऊळ, तटबंदी, ऊन चढलं की म्युझियमच्या सावलीत शिरायचं. बरेच लोक उलटं करतात, आधी नाष्टा, मग रमतगमत १२ वाजता किल्ल्यावर, आणि पोरं रडकुंडीला. साडेसहा-सातला घर सोडा.

महिना म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. खानापूर बाजूला पावसाळ्यात जायचं असेल तर जून-जुलै नको, तिकडं पाऊस वेड्यासारखा पडतो, दगडांवर शेवाळ धरतं, आजींचा पाय घसरला की सगळी सहल दवाखान्यात. एप्रिल-मेमध्ये बैलहोंगल-सौंदत्ती बाजूचं ऊन सोसत नाही. २३ ऑक्टोबरच्या आसपास कित्तूरला उत्सव असतो, मिरवणूक, कार्यक्रम, गावात पाय ठेवायला जागा नसते, उत्सव बघायचा असेल तर जरूर जा, किल्ला शांतपणे बघायचा असेल तर ते दिवस सोडा.

गाडी की बस

गाडी असेल तर बरंच, कित्तूर अगदी हायवेला लागून आहे, बेळगावपासून साधारण ५० किलोमीटर, धारवाडच्या दिशेनं. वाटेत हिरेबागेवाडीचा टोलनाका लागतो, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशीच बघा. पुढं एम.के.हुबळीला मलप्रभा ओलांडता.

बसनं जायचं तरी काही बिघडत नाही, आम्ही कितीदा गेलोय. धारवाड-हुबळीकडं जाणाऱ्या बस सारख्या असतात, फक्त नॉनस्टॉपमध्ये चढू नका, ती कित्तूरला थांबत नाही, कंडक्टरला आधी विचारा. आणि नवीन आलेल्या बायकांना हे माहीत नसतं म्हणून सांगते, ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमधून बायकांना प्रवास फुकट आहे, त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ लागतं. बदली होऊन आलाय आणि आधारवर अजून पुण्याचा नाहीतर कोल्हापूरचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागेल. पत्ता बदलून घ्या, एवढं एक काम केलं की आई, आजी, लेक तिघींचा प्रवास मोकळा.

पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, कन्नड वाचता येत नसेल तर संकोच न करता विचारा. चार शब्द शिकून ठेवा, लई उपयोग होतो. एल्ली ऐतिरी म्हणजे कुठं आहे हो. एष्ट म्हणजे किती. गुडी म्हणजे देऊळ, कोटे म्हणजे किल्ला, ऊटा म्हणजे जेवण. आणि सगळ्यात उपयोगी वाक्य, कीली यार हत्र ऐतिरी, म्हणजे किल्ली कोणाकडं आहे. खेड्यातली जुनी देवळं बऱ्याचदा कुलपात असतात आणि किल्ली पुजाऱ्याच्या नाहीतर शेजारच्या घरात असते, तुम्ही हे वाक्य म्हटलं की समोरचा माणूस हसतो आणि स्वतः उठून किल्ली आणून देतो. शेवटचं री विसरू नका, आपल्या अहो-जाहोसारखं आहे ते. बहुतेक ठिकाणी मराठी समजतं, खरं आपण दोन शब्द त्यांचे बोललो की माणूस वेगळ्या मायेनं दाखवतो.

पिशवीत काय

थोडक्यात सांगते. पाणी प्रत्येकाचं वेगळं, टोपी, सगळ्यांना मोजे, कारण देवळात अनवाणी जावं लागतं आणि दुपारी दगड तव्यासारखे तापतात. एक जुनी चादर, आजींना कुठंही बसता येतं. छोटी बॅटरी, गाभाऱ्यात आणि कोपऱ्यातलं कोरीवकाम बघायला, मोबाईलच्या उजेडापेक्षा ती बरी, फक्त देवाच्या तोंडावर मारू नका. एक वही आणि पेन्सिल. सुटे पैसे, तिकीट थोडक्यातच असतं खरं ५०० ची नोट घेऊन उभं राहिलं की सुटे नसतात. बाथरूमचं हायवेवरच्या हॉटेलातच उरकून घ्या, पुढं मिळेल या आशेवर राहू नका, बायकांची आणि म्हाताऱ्यांची त्यात फार अडचण होते.

चन्नम्माचा दिवस

आता मुख्य सहल. नवीन माणसाला मी हीच पहिली सांगते. बेळगाव, कित्तूर, बैलहोंगल, परत बेळगाव, असा त्रिकोण होतो, आल्या वाटेनं परत यायचं नाही.

आदल्या रात्री सांगायची गोष्ट एवढीच. चन्नम्माचा जन्म काकतीचा, आपल्या बेळगावच्या उत्तरेला हायवेवर काकती लागतं तेच. लग्न कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांशी. नवरा गेला, मग मुलगा गेला, शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं आणि इंग्रजांनी सांगितलं दत्तक चालणार नाही, संस्थान आमचं. मग काय झालं ते उद्या. इथं थांबा.

कित्तूरला पोचलात की आधी किल्ल्यात फिरा. वाडा आता उभा नाही, पाया, भिंती, खोल्यांचे चौथरे, चौकटी एवढं राहिलंय. मुलं म्हणतात हे काय, नुसत्या भिंती. तेव्हा घाईनं पुढं नेऊ नका. आम्ही काय करतो, एकेका खोलीत उभं राहून ठरवतो इथं काय असेल. पाण्याची जागा बघा, मोरी कुठं निघते ते बघा, चुलीची जागा कुठली असेल. आत्तींना जुन्या वाड्यातली राहणी माहीत, त्यांनी एका जागेवर बोट ठेवून सांगितलं की हे न्हाणीघर, उतार बघा की. उतार खरंच होता. मुलं मग गुडघ्यावर बसून पाणी कुठनं कुठं जात असेल ते शोधत गेली, अर्धा तास गेला त्यात.

वाड्याच्या भिंतीत एक गोल आरपार भोक आहे, नळीसारखं, त्यातून रात्री ध्रुवतारा दिसावा म्हणून ठेवलेलं. मुलांना सांगू नका कुठं आहे, शोधायला लावा. सापडल्यावर एकेकानं डोळा लावून बघायचं. दिवसा त्यातून नुसता आभाळाचा वाटोळा तुकडा दिसतो, तेवढाच, खरं ध्रुवतारा जागा सोडत नाही म्हणून भिंतीत कायमचं भोक पाडून ठेवता येतं हे आमच्या थोरलीला तिथं उभं राहून पहिल्यांदा कळलं. शाळेत तिनं ते पाठ केलेलं होतं. त्या रात्री आम्ही गच्चीवर जाऊन ध्रुव शोधला.

उरलेली गोष्ट वाड्याच्या दारात सांगायची. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तोफा घेऊन आला, वेळ दिली, दार उघडा नाहीतर उडवतो. दार उघडलं ते कित्तूरचं सैन्य बाहेर पडायलाच. थॅकरे तिथं मारला गेला, अमटूरच्या बाळप्पाची गोळी लागून. दोन इंग्रज अधिकारी पकडले गेले, राणीनं त्यांना मारलं नाही, नीट ठेवलं. मग डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले आणि किल्ला पडला. हे १८५७ च्या ३३ वर्षं आधीचं आहे, हा आकडा मुलांकडनं वजाबाकी करून काढून घ्या.

मग म्युझियम. किल्ल्याच्या आवारातच आहे, लहान आहे, आणि लहान आहे हेच चांगलं. तलवारी, ढाली, जुन्या लाकडी दार-खिडक्या, या भागात सापडलेल्या मूर्ती, शिलालेख. सगळं बघायचं नाही. प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर पाच मिनिटं थांबायचं आणि वहीत काढायची. चित्र वाईट आलं तरी चालतं. काढताना हात जिथं अडतो तिथं डोळा नीट बघतो, नक्षीत किती वळणं आहेत, मूठ कशी बसवलीय. मोबाईलवर फोटो मारून पुढं जाणाऱ्या मुलाला हे दिसत नाही. फोटोची परवानगी आहे का ते दारातच विचारा.

दगड वाचायला शिका

हे कुठल्याही सहलीला उपयोगी पडतं म्हणून मधेच लिहितेय. आपल्या भागात प्रत्येक गावात, देवळाच्या मागं, पाराखाली, म्युझियमच्या अंगणात उभे दगड असतात, त्यावर चित्रं कोरलेली. हा बहुतेक वेळा वीरगळ असतो, लढाईत नाहीतर गुरं राखताना मेलेल्या माणसाची आठवण. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई, माणूस हातात शस्त्र घेऊन, कधी घोडा, कधी गाईंची रांग असते, म्हणजे गुरं चोरीला गेली होती आणि तो आडवा गेला. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापाशी बसलाय, पूजा चाललीय. गावात लोक कुठला तरी देव म्हणून शेंदूर लावतात, लावू देत, खरं मुलांना सांगा की हा याच गावचा एक माणूस होता.

आणि शिलालेखाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य दिसले की समजायचं हा दान दिल्याचा लेख असणार, चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान राहील. बाजूला बहुतेक वेळा गाय-वासरू असतं, मधे लिंग. अक्षरं जुन्या कन्नडची असतात, वाचता येत नाहीत, खरं माथा वाचता येतो. आमचा धाकटा आता लांबूनच ओरडतो, आई, चंद्र-सूर्य!

एकच सांगायचं, या दगडांवर खडू, पाणी, पीठ काही लावायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक लावतात. बॅटरी बाजूनं तिरकी धरा, सावली पडते आणि कोरीव रेषा आपोआप उठतात.

जेवण आणि पुढं

कित्तूरला नाहीतर हायवेवर खानावळीत जेवा. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई वांगं, शेंगाचटणी, ताक. मुलं तिखट खात नसतील तर दही मागून घ्या. संध्याकाळी गिरमीट आणि मिरची भजी कुठंही मिळतात.

अंगात बळ उरलं असेल तरच जेवण झाल्यावर देगावला जा, कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटर, तिथं कमलनारायणाचं देऊळ आहे, त्याचं पुढं सांगते. नसेल तर सरळ बैलहोंगल. किल्ला पडल्यावर राणीला इंग्रजांनी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथंच ती १८२९ मध्ये गेली. गावातच समाधी आहे. इथं काही मोठं बघायला नाही, आणि मी मुद्दाम हे शेवटी ठेवते. सकाळी जिचं न्हाणीघर शोधलं, जिच्या भिंतीतून डोळा लावून बघितलं, तिची समाधी संध्याकाळी बघितली की मुलं आपोआप गप्प होतात. दहा मिनिटं बसायचं. मग बेळगावची वाट धरायची, अंधार पडायच्या आत घरी.

रायण्णा, आणि एक राजा-राणी

दुसऱ्या महिन्यात खानापूर बाजू. खानापूर बेळगावपासून २६-२७ किलोमीटर, तिथून आत नंदगड आणि हलशी, दोन्ही एकमेकांच्या जवळ. इकडं सगळं मराठी बोलतात, विचारायला अडचण नाही. बस आहेत खरं कमी, परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी. हा चन्नम्माचा माणूस, बैलहोंगल तालुक्यातल्या संगोळ्ळीचा. राणी कैदेत गेल्यावरसुद्धा यानं लढणं सोडलं नाही, जंगलाच्या आधारानं लढत राहिला, शेवटी फितुरीनं पकडला गेला. नंदगडला त्याला फाशी दिली, २६ जानेवारी १८३१. जन्म १५ ऑगस्टचा मानतात, म्हणजे मुलांना वेगळं पाठ करायची गरजच नाही. समाधीजवळ मोठा वड आहे, लोक नवस बोलतात, मूल व्हावं म्हणून लाकडी पाळणे बांधतात. पाळणे बघून थोरलीनं विचारलं हे इथं का, तर आत्ती म्हणाल्या, असा मुलगा व्हावा म्हणून. मला याच्यापुढं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग हलशी. आता दिसतं साधं खेडं, ऊस, कौलारू घरं, खरं बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, जुनं नाव पलाशिका. कदंबांचे ५ व्या-६ व्या शतकातले ताम्रपट इथं सापडलेत. मुख्य बघायचं ते भूवराह-नरसिंह मंदिर, १२ व्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त राजाच्या काळातलं. या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडं नरसिंह, दुसरीकडं वराह, पृथ्वीला उचलून धरलेला. मुलांना मधे उभं करा आणि विचारा कुणाकडं तोंड करून नमस्कार करणार. माझी दोघं एकमेकांना पाठ लावून उभी राहिली.

आणि मघाशी सांगितलेलं देगावचं देऊळ, ते शिवचित्ताची राणी कमलादेवी हिनं बांधलेलं. म्हणजे नवऱ्याचं देऊळ हलशीला, बायकोचं देगावला, दोन्ही एकाच काळातली. देगावला एका ओळीत तीन गाभारे आहेत. दोन्ही बघून झाल्यावर घरी फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि घरात मत घ्या कुणाचं सरस. आमच्या घरात बायकांची तिन्ही मतं देगावला पडली, मी आजही म्हणते छताची नक्षी देगावचीच भारी.

लांबची दोन नावं पटकन सांगते. गोकाकचा धबधबा, घटप्रभेवर, ५२ मीटर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. तिथं धबधबा बघून परतू नका, १८८७ मध्येच या पाण्यावर वीज काढलीय गिरणीसाठी, आणि काठाला जुनी दगडी देवळं आहेत, गर्दी सगळी झुलत्या पुलावर असते, देवळात कोणी नसतं. येताना करदंट, म्हणजे तिथली मिठाई, घ्या. दुसरं, येळ्ळूरचा राजहंसगड, बेळगावपासून जवळ, वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळं आजींना सोपा, महाराजांचा पुतळा आहे, संध्याकाळी वारा मस्त असतो. ज्या रविवारी दुपारी उशीर झालाय आणि पोरं घरात धिंगाणा घालतायत त्या रविवारी हा गड.

शेजारच्या बाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, मग या रविवारी कुठं. मी सांगितलं, किल्ल्यात, कमल बस्ती, साडेसातला. मुलांना आंघोळ घालून न्या आणि चादर विसरू नका, मुलं आडवी पडणारच.